उभ्या विमानाचे इंजिन: किनाऱ्यावरच्या एका हँगरमधील पावसाळा

२०२० सालच्या मार्च महिन्यात कोकण किनारपट्टीवरच्या एका हँगरमध्ये एकाच संस्थेची दोन सेस्ना १७२ विमाने शेजारी शेजारी उभी होती. दोन्हींमध्ये लायकमिंग कंपनीचे ओ-३२०-डी२जे हे चार सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, १६० अश्वशक्तीचे इंजिन होते. दोन्ही इंजिनांचे तास जवळपास सारखे होते, ऑइल एकाच प्रकारचे होते आणि परवानाधारक अभियंता म्हणून दोन्हींच्या देखभालीची जबाबदारी माझ्याकडेच होती. सात महिन्यांनी दोन्ही विमाने पुन्हा उडू लागली. त्यांपैकी एकाचे इंजिन पन्नास तासांच्या पहिल्याच तपासणीत उतरवावे लागले, तर दुसऱ्याचे अजून चालू आहे. संस्थेचे नाव येथे देण्याचे कारण नाही. जे घडले ते कोणत्याही हँगरमध्ये घडू शकले असते आणि त्यातला माझा स्वतःचा वाटा मी पुढे लिहिलाच आहे.

जे इंजिन गेले त्याकडे दुर्लक्ष झाले होते असा समज कोणी करून घेऊ नये. उलट, सात महिन्यांत सर्वाधिक हात त्याच इंजिनाला लागले. ज्या इंजिनाला आम्ही मुद्दाम कोणी हात लावू दिला नाही, ते वाचले. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले ते यासाठीच.

एकवीस दिवसांचा हिशेब

वापरातील इंजिन गंजापासून कसे सांभाळावे याविषयी लायकमिंगचे एल-१८० हे सेवापत्र आमच्या हँगरमध्ये सर्वांना माहीत होते. त्याचा आशय असा की, विमान निदान दर तीस दिवसांनी सलग एक तास उडाले पाहिजे आणि त्या उड्डाणात ऑइलचे तापमान १६५ ते २०० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ७४ ते ९३ अंश सेल्सिअस राहिले पाहिजे. विमान तीस दिवस किंवा त्याहून अधिक काळ उभे राहणार हे आधीच ठाऊक असेल, तर इंजिन रीतसर जतन करून ठेवावे. आमच्या बोलीत याला इंजिन इन्हिबिट करणे म्हणतात. तीस दिवस हा आकडाही सर्व ठिकाणी सारखा लागू नाही, हवामान आणि विमान ठेवण्याची जागा पाहून तो कमी करावा लागतो, हेही त्या पत्रात स्पष्ट म्हटलेले आहे.

दुसऱ्या विमानाचा रेडिओ दुरुस्तीसाठी बाहेर गेला होता आणि तो महिना-दीड महिना परत येणार नाही हे माहीत होते. म्हणून त्याचे इंजिन आम्ही मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच इन्हिबिट केले. यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. सेवापत्रातील अट लागू झाली आणि आम्ही ती पाळली. पहिले विमान मात्र रोज उडत होते. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली ती एकवीस दिवसांची. एकवीस हा आकडा तीसपेक्षा लहान असल्यामुळे या विमानासाठी काही करावे असे मला वाटले नाही. पुढे टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली, मग १७ मेपर्यंत, मग ३१ मेपर्यंत. प्रत्येक वाढ एकोणीस किंवा चौदा दिवसांची, म्हणजे स्वतंत्रपणे पाहिली तर तीसच्या आतलीच होती. दर वेळी मी पुढच्या तारखेकडे पाहत राहिलो. मागे किती दिवस साठले याची बेरीज केली नाही. ३१ मे रोजी ती बेरीज ६८ दिवसांवर गेली होती आणि दारात पावसाळा उभा होता. इन्हिबिट करण्याचा निर्णय शेवटच्या उड्डाणाच्या दिवशी घ्यायचा असतो, ही गोष्ट मला नियम म्हणून पाठ होती, पण अंगवळणी पडलेली नव्हती.

त्या इंजिनात राहून गेलेले ऑइलही नवे नव्हते. ते भरल्यापासून तीसेक तास उड्डाण झाले होते. लायकमिंगच्या ४८० क्रमांकाच्या सेवा-सूचनेनुसार पूर्ण प्रवाहाचा फिल्टर असलेल्या इंजिनातील ऑइल पन्नास तासांनी किंवा चार महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, बदलायचे असते. तासांची मर्यादा सर्वांच्या लक्षात राहते, महिन्यांची राहत नाही. उभ्या विमानाच्या बाबतीत तर तास पुढे सरकतच नाहीत, त्यामुळे लॉगबुक पाहून सारे काही ठीक आहे असेच वाटते.

इंजिनाच्या आत काय घडत असते

पेट्रोल जळते तेव्हा त्यातील हायड्रोजनचे पाणी होते, आणि ते थोडेथोडके नसते. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळले की वजनाने जवळपास एक किलो, म्हणजे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातील बहुतेक वाफ एक्झॉस्टमधून निघून जाते, परंतु थोडा भाग पिस्टनच्या रिंगांजवळून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचात, उतरतो. इंजिन थंड असताना रिंगांची बैठक अजून सैल असते, त्यामुळे ही गळती अधिक होते. एव्हगॅस १०० एलएल या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग असते आणि ते शिसे सिलिंडरमधून वाहून नेण्यासाठी ब्रोमीनचे संयुगही मिसळलेले असते. ज्वलनातून उरलेले ते पदार्थ पाण्याच्या वाफेबरोबर ऑइलमध्ये उतरले की ऑइल हळूहळू आम्लधर्मी होत जाते. तासभराच्या उड्डाणात ऑइल चांगले तापते, पाणी वाफ होऊन ब्रीदर नळीवाटे, म्हणजे क्रँककेसच्या हवेच्या वाटेने, बाहेर पडते आणि हिशेब पुन्हा बरोबर होतो. ऑइल तापलेच नाही तर पाणी आत राहते.

दुसरा मार्ग बाहेरून आत येतो. चार सिलिंडरचे इंजिन कोणत्याही स्थितीत थांबले तरी कुठल्यातरी सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह उघडा असतोच. त्या वाटेने एक्झॉस्टमधून किंवा कार्ब्युरेटरमधून बाहेरची हवा सिलिंडरमध्ये शिरते आणि ब्रीदर नळीतून क्रँककेसमध्ये शिरते. दिवसा तापून फुगलेली हवा बाहेर जाते, रात्री धातू निवला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. बंद इंजिनाचा हा श्वास चोवीस तासांत एकदा चालतो. पोलादाचा गंज हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की झपाट्याने वाढतो. कोकणात जून ते सप्टेंबर ती क्वचितच त्याखाली येते. त्यात खारा वारा: साध्या मिठाचा कण ७५ टक्के आर्द्रतेला स्वतःच पाणी ओढून विरघळू लागतो आणि समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्याही निम्म्याहून कमी आर्द्रतेला ओलावा धरते. किनाऱ्यावर पाऊस थांबला म्हणजे ओल थांबली असे होत नाही. विमानांना हा त्रास आजचा नाही. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला टपालाचे पहिले विमान आणले, पण पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, म्हणून ती सेवा त्या महिन्यांत घाटावर पुण्याला हलवावी लागे.

लायकमिंगच्या या मालिकेत कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हा प्रॉपेलर फिरवणाऱ्या क्रँकशाफ्टच्या वरच्या बाजूला बसवलेला असतो. कॅमच्या उंचवट्यांना आणि त्यांवर टेकून व्हॉल्व्हकडे हालचाल पोहोचवणाऱ्या टॅपेटना तेल मिळते ते मुख्यतः फिरत्या क्रँकशाफ्टवरून उडणाऱ्या शिंतोड्यांचे. इंजिन थांबले की हे तेल ओघळून खाली जाते आणि इंजिनातील सर्वाधिक ताण सोसणारे पृष्ठभाग सर्वांत आधी उघडे पडतात. शिवाय चार सिलिंडरच्या या इंजिनात समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचे इनटेक व्हॉल्व्ह एकाच कॅम-उंचवट्यावर चालतात, म्हणजे त्या उंचवट्याला दुप्पट काम. ज्या इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या खाली असतो, त्यांत हा भाग तुलनेने सुरक्षित राहतो, पण सिलिंडरच्या भिंती तिथेही गंजतातच.

पहिले विमान: काळजीपोटी केलेला ग्राउंड रन

संस्थेचे एक प्रशिक्षक वैमानिक विमानतळालगतच्या वसाहतीत राहत होते आणि त्यांना हँगरमध्ये येण्याची परवानगी मिळाली होती. त्यांनी पहिल्या विमानाची काळजी मनापासून घेतली. दर सातव्या दिवशी ते मॅग्नेटो (स्पार्क प्लगना ठिणगीची वीज देणारे यंत्र) बंद असल्याची खात्री करून प्रॉपेलर हाताने पाच फेरे फिरवत आणि दर पंधरवड्याला इंजिन दहा-बारा मिनिटे चालवत. त्यानंतर त्यांचा फोन येई: “आज चालवून ठेवलं. ऑइलचा काटा हिरव्यात आला आणि बंद केलं. आवाज अगदी सुरेख आहे, तुम्ही निर्धास्त राहा.” मी निर्धास्त राहिलो.

येथे त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण ते जे करत होते त्याला छापील आधार होता. सेस्ना १७२ च्या त्या काळातील पुस्तिकेत, विमान उडण्यायोग्य स्थितीत थोडा काळ ठेवायचे असेल तर दर सातव्या दिवशी प्रॉपेलर हाताने पाच फेरे फिरवावा, म्हणजे सिलिंडरच्या भिंतींवर गंज धरणार नाही, असे सांगितलेले आहे. तीस दिवसांनंतर अर्धा तास उड्डाण करावे, किंवा ऑइलच्या तापमानाचा काटा हिरव्या, म्हणजे चालण्यायोग्य, पट्ट्याच्या खालच्या भागात येईल इतकाच वेळ इंजिन जमिनीवर चालवावे, असेही तिथे आहे. लायकमिंग नेमके याच्या उलट सांगते: ग्राउंड रन हा उड्डाणाला पर्याय नाही आणि गंज टाळण्यासाठी प्रॉपेलर हाताने फिरवू नये, कारण त्या फेऱ्यांत रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर उरलेला तेलाचा पातळ थर पुसून काढतात आणि टॅपेट कॅमवरचे तेल खरवडतात. कॉन्टिनेन्टल या दुसऱ्या इंजिन-कंपनीच्या साठवण-सूचनांत तर पुन्हा दर सातव्या दिवशी सहा फेरे फिरवण्याची पद्धत दिलेली आहे. विमानाचा कारखाना एक सांगतो, इंजिनाचा कारखाना दुसरे सांगतो आणि दुसऱ्या इंजिनाचा कारखाना तिसरे, अशा स्थितीत वैमानिकाने हातात असलेली पुस्तिका पाळली तर ते स्वाभाविक आहे. माझे मत असे की, इंजिनाच्या बाबतीत त्या इंजिनाच्या कारखान्याचे म्हणणे अंतिम मानावे. ते त्यांच्यापर्यंत पोहोचवणे माझे काम होते. मी ते फोनवर एका वाक्यात करू शकलो असतो आणि केले नाही. शिवाय सेस्नाच्या त्या सूचना जास्तीत जास्त तीस दिवसांच्या मुक्कामासाठी होत्या. आम्ही त्या सात महिने ताणल्या.

दहा-बारा मिनिटांच्या त्या ग्राउंड रनचा हिशेब मी नंतर मांडला. कमी वेगाने चालणारे हे इंजिन तेवढ्या वेळात साधारण दीड लिटर इंधन जाळते, म्हणजे दीड लिटरच्या आसपास पाणी तयार करते. त्यातील थोडेसेच क्रँककेसमध्ये उतरते, पण ऑइल ते उडवून लावण्याइतके तापत नाही, कारण काटा हिरव्या पट्ट्यात शिरताच इंजिन बंद केले जात होते. कोमट इंजिनाच्या आतली ती वाफ रात्री झाकणांच्या आतल्या बाजूला आणि कॅमशाफ्टवर दव होऊन बसली असणार. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत असे चौदा वेळा झाले. प्रत्येक वेळी आम्ही इंजिनाला पाण्याचा एक हात देत होतो आणि मधल्या आठवड्यांत प्रॉपेलर फिरवून उरलेले तेल पुसत होतो. ते इंजिन मार्चमध्ये आहे तसे सोडून दिले असते, तरी त्याची अवस्था याहून वाईट झाली नसती असे मला वाटते.

दुसरे विमान: इन्हिबिट करण्याचा दिवस

दुसऱ्या इंजिनातील वापरलेले ऑइल गरम असतानाच काढून टाकले, फिल्टर बदलला आणि जतनाचे मिश्रण भरले. हे मिश्रण म्हणजे कोणतेही घटक न मिसळलेले साधे खनिज ऑइल तीन भाग आणि गंजरोधक संहत द्रव एक भाग. आम्ही एरोशेल ऑइल १०० आणि एरोशेल फ्लुइड २एक्सएन वापरले. या इंजिनाच्या तळटाकीत आठ क्वार्ट, म्हणजे साडेसात लिटरच्या आसपास ऑइल मावते, त्यानुसार द्रवाचे माप दोन लिटरला थोडे कमी पडले. नंतर विमान वाऱ्याकडे तोंड करून उभे केले आणि ऑइलचे तापमान १८० अंश फॅरनहाइट, म्हणजे ८२ अंश सेल्सिअस होईपर्यंत इंजिन चालवले. जतनासाठीचा ग्राउंड रन आणि नुसता ग्राउंड रन यांतला फरक या ८२ आकड्यात आहे. भर दुपारची वेळ निवडूनही तिथवर पोहोचायला बराच वेळ लागला आणि सिलिंडर-हेडच्या तापमानावर नजर ठेवावी लागली.

इंजिन बंद करताच काउलिंग काढून वरचे चारही स्पार्क प्लग उतरवले. गरम केलेले मिश्रण फवारणीच्या लांब नळीने प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण दोन औंस, म्हणजे ६० मिलिलिटर फवारले; या वेळी एक जण स्टार्टरने इंजिन फिरवत होता, म्हणजे पिस्टन वरखाली होताना भिंतीचा प्रत्येक भाग भिजावा. मग इंजिन थांबवून, क्रँकशाफ्ट अजिबात न हलवता, तितकेच मिश्रण पुन्हा फवारले. या दुसऱ्या फवाऱ्यानंतर प्रॉपेलरला कोणी बोटही लावायचे नसते. आम्ही बॅटरीच्या तारा सोडवल्या आणि प्रॉपेलरच्या दोन्ही पात्यांवर पुठ्ठ्याच्या पाट्या बांधल्या: “इंजिन इन्हिबिट केलेले आहे. पंखा फिरवू नये.” विमानतळावर येणाऱ्या प्रत्येकाला उभ्या विमानाचा पंखा हलवून पाहण्याचा मोह होतो, हा माझा अनुभव आहे, पाटी नसती तर तो कोणीतरी नक्की फिरवला असता.

स्पार्क प्लगच्या जागी डिहायड्रेटर प्लग बसवले. हे पारदर्शक प्लास्टिकचे, आत निळे सिलिका जेल भरलेले प्लग असतात. एक्झॉस्टच्या नळीत आणि कार्ब्युरेटरच्या हवेच्या वाटेत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्या आणि ती तोंडे, तसेच ब्रीदर नळीचे तोंड, ओलावा न झिरपणाऱ्या प्लास्टिकने व चिकटपट्टीने बंद केली. ब्रीदर नळी थोडी वरही, जिथे तोंड गोठून बंद झाले तरी वाट राहावी म्हणून लहान छिद्र असते, तिथेही उघडी असते; ते छिद्र सुटले तर बाकीची मेहनत वाया जाते. प्रत्येक बंद तोंडाला लाल कापडी फीत बांधली आणि किती पिशव्या कुठे ठेवल्या याची मोजून लॉगबुकमध्ये नोंद केली. विसरलेली एक पिशवी कार्ब्युरेटरमध्ये ओढली गेली तर गंजापेक्षा मोठा अनर्थ होईल. नोंदीचा दुसरा उपयोग असा की, सहा महिन्यांनी काम करणारा माणूस वेगळा असू शकतो.

दर पंधरा दिवसांनी हे प्लग पाहायचे आणि जेल निळ्याचे गुलाबी झाले असेल तर सारी क्रिया पुन्हा करायची, असा दंडक आहे. हँगरमध्ये राहणाऱ्या ज्येष्ठ मदतनिसांना सारे जण मामा म्हणतात; टाळेबंदीत ही तपासणी त्यांनी केली. ते मोबाइलवर चारही प्लगांचे फोटो पाठवत. पहिल्याच खेपेला अडचण आली: ट्यूबलाइटच्या उजेडात सगळे प्लग जांभळट दिसत आणि निळा कुठे संपतो, गुलाबी कुठे सुरू होतो हे फोटोवरून ठरेना. मग डब्यातला एक नवा, सीलबंद प्लग इंजिनावरच्या प्लगशेजारी धरून, हँगरचे दार उघडून दिवसाच्या उजेडात फोटो काढायचा असे ठरले. ही युक्ती मामांचीच. “नव्याशेजारी जुनं धरलं की बरोबर कळतंय बघा, साहेब,” असे ते म्हणाले आणि तेव्हापासून एकाही फोटोबद्दल शंका राहिली नाही.

निसर्ग चक्रीवादळानंतर

३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. हँगरच्या छपराचे पत्रे टिकले, पण दाराच्या फटींतून वाऱ्याबरोबर पाणी आत आले आणि दुसऱ्या विमानाच्या एक्झॉस्टवरचे प्लास्टिक एका बाजूने सुटले. दुसऱ्या दिवशी वीज नव्हती. मामांना फोनची बॅटरी चार्ज करून फोटो पाठवायला आणखी तीन दिवस लागले. क्रमांक ३ च्या सिलिंडरचा प्लग स्वच्छ गुलाबी झाला होता, बाकीचे तीन निळे होते.

या फोटोने मला जितके शिकवले तितके कोणत्या पुस्तकाने शिकवले नसेल. चार सिलिंडरांपैकी एकच का, याचे उत्तर इंजिन ज्या स्थितीत थांबले होते त्यात होते: त्या स्थितीत क्रमांक ३ चा पिस्टन एक्झॉस्ट फेऱ्यात होता आणि त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा होता. बाहेरची ओल थेट त्याच सिलिंडरमध्ये गेली. बाकीचे तीन त्या वाटेला बंद होते. जतन केलेल्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचे भवितव्य वेगळे असते, म्हणून एका प्लगचा रंग पाहून चौघांचा निष्कर्ष काढता येत नाही.

मामांनी प्लास्टिक लगेच पुन्हा बांधले आणि शिल्लक असलेला नवा प्लग त्या सिलिंडरला लावला. प्रवासाचे निर्बंध सैल झाल्यावर काही दिवसांत मी तिथे पोहोचलो आणि पूर्ण क्रिया पहिल्यापासून पुन्हा केली. जुने सिलिका जेल ओव्हनमध्ये साधारण १२० अंश सेल्सिअसला सुकवून पुन्हा निळे करता येते. मात्र त्याचा निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असल्यामुळे ते खाण्याच्या भांड्यात किंवा घरच्या ओव्हनमध्ये कधीही तापवू नये. पुढचे चार महिने प्लग निळे राहिले. ब्रीदर आणि हवेच्या तोंडांवरील प्लास्टिकचा एक अनपेक्षित लाभ म्हणजे कुंभारीण माशीला तिथे मातीचे घर करता आले नाही. पहिल्या विमानाच्या इंधन-टाकीच्या हवानळीत तिने ते केले होते.

त्या जूनमध्ये मी हँगरमध्ये उभा होतो, हातात मिश्रण होते, नवे प्लग होते आणि चार पावलांवर पहिले विमान उभे होते. तेही त्याच दिवशी इन्हिबिट करता आले असते. उड्डाणे आता लवकरच सुरू होतील असे सर्वांना वाटत होते, मलाही वाटत होते, म्हणून ते राहिले.

ऑक्टोबर आणि त्यानंतरचे पन्नास तास

ऑक्टोबरमध्ये दोन्ही विमाने सेवेत आणली. दुसऱ्या विमानाच्या लाल फिती, प्लास्टिक आणि पिशव्या नोंदीशी ताडून काढल्या, मिश्रण काढून टाकले, मॅग्नेटो बंद ठेवून आणि प्लगच्या जागा उघड्या ठेवून प्रॉपेलर हाताने अनेक फेरे फिरवला, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेले ऑइल बाहेर पडावे. मग स्पार्क प्लग बसवून नेहमीचे ऑइल भरले. बोअरस्कोपने, म्हणजे सिलिंडरच्या आत पाहण्याच्या बारीक दुर्बिणीने, पाहता क्रमांक ३ च्या भिंतीवर अंगठ्याच्या नखाएवढा तपकिरी डाग दिसला, पण खड्डा नव्हता; बाकीचे तीन सिलिंडर तेलकट आणि स्वच्छ होते.

पहिल्या विमानाचे ऑइल बदलले, काढलेल्या ऑइलच्या तळाशी पाण्याची बारीक बुडबुड्यांसारखी ओळ दिसली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब किती धरून ठेवतो ते, तपासले तेव्हा चारही सिलिंडर ८० पैकी ७० च्या वर होते. बोअरस्कोपमध्ये भिंतींवर फिकट तांबूस छटा होती. रिंगा ती दोन-चार तासांत पुसून काढतील असा माझा अंदाज होता आणि तो खराही ठरला. पण कॉम्प्रेशनची तपासणी रिंगा आणि व्हॉल्व्हविषयी सांगते, कॅमविषयी एक अक्षर सांगत नाही. मी नको त्या आकड्यावर विश्वास ठेवला. इतक्या दिवसांनी चालू होणाऱ्या इंजिनाचा फिल्टर दहा आणि पंचवीस तासांना कापून पाहायला हवा होता. मी तो नेहमीप्रमाणे पन्नास तासांना कापला.

फिल्टरची कागदी घडी उलगडून धुतली तेव्हा पाण्याखाली चकाकणारे बारीक तुकडे दिसले. चुंबक फिरवला तर ते त्याला चिकटले, म्हणजे पोलाद होते. रॉकरची झाकणे काढून डायल-गेजने प्रत्येक व्हॉल्व्ह किती उघडतो हे मोजले, तेव्हा क्रमांक १ आणि २ चे इनटेक व्हॉल्व्ह बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी उचलले जात होते. हे दोन्ही एकाच सामाईक उंचवट्यावर चालतात, त्यामुळे शंका कुठे घ्यायची ते ठरले. एक सिलिंडर उतरवून आत टॉर्च धरला. टॅपेटच्या तोंडावर, जुन्या पत्र्याच्या टाकीच्या तळाला पडतात तशी, काळपट बारीक भोके होती आणि मधोमध एक खपली निघाली होती. नख फिरवले तर ते अडकत होते. समोरच्या कॅम-उंचवट्याचा माथा गोल राहिला नव्हता, घासून चपटा झाला होता. या प्रकारच्या टॅपेटचे डोके छत्रीसारखे रुंद असल्यामुळे क्रँककेस दुभागल्याशिवाय ते बाहेर निघत नाहीत. इंजिन उतरवून पूर्ण ओव्हरहॉलला पाठवण्याखेरीज दुसरा मार्ग उरला नाही.

गंज तर पहिल्याच तासांत पुसला गेला होता, मग बिघाड पन्नास तासांना का दिसला, असा प्रश्न संस्थेच्या बैठकीत विचारला गेला आणि तो योग्य होता. गंज पुसला जातो, खड्डा पुसला जात नाही. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असते तेव्हा कॅमशाफ्ट १२०० घेतो. म्हणजे प्रत्येक टॅपेट तासाला ७२,००० वेळा आणि पन्नास तासांत ३६ लाख वेळा दाबला जातो. कठीण केलेल्या पृष्ठभागावरचा एक सूक्ष्म खड्डा एवढ्या दाबांत कडेने चिरत जातो, मग खपली सुटते आणि ती खपली पुढच्या पृष्ठभागाला कुरतडते. विमानाचा आवाज शेवटपर्यंत सुरेख होता, कारण या बिघाडाला सुरुवातीला आवाजच नसतो. मागाहून नोंदी चाळल्या तेव्हा उभ्या विमानावर पूर्ण ताकद देताना मिळणारे फेरे थोडे थोडे घटत गेलेले दिसले. ते दर वेळी वेगळ्या वैमानिकाने लिहिले होते आणि कोणी एकाने सलग वाचले नव्हते.

आता त्या हँगरमध्ये काय चालते ते लिहितो. प्रत्येक विमानाच्या लॉगबुकाच्या आतल्या बाजूला शेवटच्या तासभराच्या उड्डाणाची तारीख पेन्सिलने लिहिलेली असते आणि ऑइल ७४ अंशांच्या वर गेले नसेल तर ते उड्डाण धरले जात नाही. जून ते सप्टेंबर या काळात तीसऐवजी पंधरा दिवस हीच मर्यादा आहे. हा आमचा निर्णय आहे, कारखान्याचा नव्हे, पण लायकमिंगने जागेप्रमाणे कालावधी कमी करायला सांगितलेच आहे. पंधरा दिवसांत विमान उडणार की नाही याविषयी शंका असेल तर ते इन्हिबिट केले जाते, कारण अनावश्यक जतनाला फक्त एक दिवसाचे काम आणि आठ लिटर ऑइल लागते, राहून गेलेल्या जतनाला पूर्ण ओव्हरहॉल. उडवता येत नसेल तर इंजिन चालवायचे नाही, हे प्रशिक्षकांना लेखी दिले आहे. विजेची खात्रीलायक सोय असलेल्या हँगरमध्ये क्रँककेसमधून कोरडी हवा सतत फिरवणारे छोटे यंत्रही लावता येते, परंतु जिथे वादळानंतर चार दिवस वीज येत नाही, तिथे मी सिलिका जेलवरच अवलंबून राहणे पसंत करतो.

दुसऱ्या विमानाच्या क्रमांक ३ च्या सिलिंडरमधील डागाचा फोटो आम्ही दर पन्नास तासांना त्याच कोनातून काढतो. पहिले शंभर तास त्याचा फिल्टर दर पंचवीस तासांना कापला, एकदाही चुंबकाला काही चिकटले नाही. डाग फिकट होत गेला आहे, कडा पसरलेली नाही, आणि त्याच्यावरून रिंग जाते तिथे भिंत पुन्हा उजळ दिसू लागली आहे.